काळी, पांढरी आणि खापरं

दर वर्षी नोव्हेंबरात वारसा सप्ताह येतो, एप्रिलच्या 18 तारखेला वारसा दिन. त्या निमित्ताने कुठे विद्यापीठाचा विभाग, कुठे एखादं संग्रहालय, कुठे इतिहासप्रेमींचं मंडळ लोकांसाठी ‘पुरातत्त्व म्हणजे काय’ असा दिवसभराचा कार्यक्रम ठेवतं. बाहेर मंडप, आत टेबलं. एका टेबलावर दगडी हत्यारं, एकावर खापरं, एकावर हाडं आणि काचेच्या नळ्यांत जळून काळे झालेले धान्याचे दाणे. कोपऱ्यात वाळूचा हौद, त्यात पुरून ठेवलेल्या वस्तू. मुलांनी ब्रश घेऊन त्या शोधायच्या. एखादा तरुण संशोधक तेच ते शंभराव्यांदा तितक्याच उत्साहाने समजावत असतो आणि गर्दीतून कुणी तरी विचारतंच : ‘सोनंबिनं सापडतं का हो?’

या प्रश्नाला हसू नये. जमिनीखाली काय असतं याची आपल्याकडची जुनी कल्पना गुप्तधनाचीच आहे. मोहरांनी भरलेला हंडा, त्यावर बसलेला नाग, पायाळू माणूस, अमावास्या. चौकोनी खड्डा आखून, दोऱ्या बांधून, वहीत नोंदी करत कुणी महिनोन् महिने माती खरवडत बसला आणि शेवटी फुटक्या मडक्यांची पोती भरून घेऊन गेला, तर गावाने त्यावर विश्वास का ठेवावा? पोत्यात वर खापरं आणि खाली दुसरं काही तरी असणार, हा तर्क गावाच्या बाजूने अगदी सरळ आहे. लोकांसाठीचा असा दिवस भरवायचा तो हा तर्क मोडण्यासाठी. पण बहुतेक वेळा आपण तो नकळत पक्का करून परत पाठवतो, आणि त्याला तो वाळूचा हौद बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

हौदात वस्तू असतात, माती नसते. म्हणजे वाळू असते, पण ती नुसती अडचण म्हणून. बाजूला सारायची आणि खालची वस्तू काढायची. मूल घरी जातं ते ‘मला मणी सापडला’ म्हणत. खऱ्या उत्खननात क्रम उलटा असतो. तिथे वाचायची असते माती, आणि वस्तू ही त्या मातीच्या थराला तारीख देणारी, अर्थ देणारी खूण. मणी कुठल्या थरात होता, थराच्या वर काय होतं, खाली काय होतं, मणी घराच्या जमिनीवर पडला होता की उंदराच्या बिळातून खाली घसरला होता, हे माहीत नसेल तर तो मणी सुंदर असेल, पुरावा नसेल. हे एवढं एक कळलं तरी दिवस सार्थकी लागला असं मला वाटतं. ते कळायला अवघड नाही, कारण त्यासाठी लागणारे बरेचसे शब्द मराठीत आधीपासून आहेत.

पहिला शब्द पांढरी. गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या घरं बांधली, पडली, पुन्हा त्याच जागी बांधली. चुलींची राख, भिंतींची माती, शेण, कोंडा, हाडं, उकिरडा सगळं तिथेच जिरलं, आणि जमीन भुरकट पांढरी होऊन आजूबाजूच्या रानापेक्षा वर उचलली गेली. नदीकाठी असं टेकाड दिसलं, गावकरी त्याला पांढरी म्हणत असले आणि पावसाने धुपलेल्या कडेवर खापरं चमकत असली, की तिथे जुनी वस्ती होती हे समजायला यंत्र लागत नाही. दख्खनमधल्या कितीतरी प्राचीन वसाहतींचा माग असाच, नदीकाठाने पायी फिरून लागला.

पण पांढरीचा आणखी एक उपयोग शेतकऱ्याला पिढीजात ठाऊक आहे. ही माती शेतात टाकली की पीक जोम धरतं. धाब्याच्या घरावर पसरायलाही ती चांगली. म्हणून पूर्वी गाड्या भरून आणि आता ट्रॅक्टर-ट्रॉलीने पांढरी वाहून नेली जाते. तिच्यात काय असतं? इतर गोष्टींबरोबर फॉस्फेट. माणसं आणि जनावरं जिथे दीर्घकाळ राहिली तिथे ते साठतं आणि सहसा वाहून जात नाही. ओलोफ अर्हेनियस हा स्वीडनचा मृदाशास्त्रज्ञ 1930च्या आसपास साखरेच्या बीटासाठी जमिनींचं फॉस्फेट मोजत होता. आकडे जिथे उगाचच वर जात, तिथे जुन्या वस्त्या होत्या हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुरातत्त्वाला एक नवी चाचणी मिळाली. शेतकऱ्याला जे हवं असतं तेच संशोधकालाही हवं असतं, फक्त एकाला ते उचलून न्यायचं असतं आणि दुसऱ्याला ते जागेवर राहायला हवं असतं. या भांडणात वाईट कुणीच नाही, म्हणूनच ते कायद्याने सुटत नाही.

उत्खनन लोकांना उघडून दाखवायचं, ही कल्पना आपल्याकडे ज्या वाटेने आली ती वाट मजेशीर आहे. 1934 ते 1937 या वर्षांत मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांची पत्नी टेसा इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल या लोहयुगीन टेकडी-किल्ल्याचं उत्खनन करत होते. व्हीलर मूळचे लष्करी बाण्याचे आणि तितकेच नाटकी. वर्तमानपत्रांना ते बातम्या पुरवायचे, बघायला येणाऱ्यांना फिरवून माहिती द्यायची व्यवस्था होती, पोस्टकार्डं विकायला होती. किल्ल्याच्या पूर्व दरवाजाजवळ समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या गोफणगुंड्यांचा वीस हजारांहून मोठा साठा सापडला होता. त्यातले काही गुंडे पाहुण्यांना चार पैशांत आठवण म्हणून विकले गेले. आज कुणी असं केलं तर त्याचा परवाना जाईल, आणि जावा. पण लोकांच्या पैशाने, लोकांच्या जमिनीत आपण खणतो तर त्यांना सांगणं हा कामाचाच भाग आहे, ही व्हीलरची भूमिका पक्की होती. 1954 साली आलेल्या ‘आर्किऑलॉजी फ्रॉम द अर्थ’ या पद्धतीवरच्या पुस्तकात प्रकाशन आणि प्रसिद्धी यांवर त्यांनी वेगळं प्रकरणच घातलं. त्याच सुमारास ते बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर अनोळखी वस्तू ओळखण्याच्या कार्यक्रमात झळकत होते आणि घराघरांत माहीत झाले होते.

मेडन कॅसलवर शिकायला आलेल्यांत एक मुंबईचा विद्यार्थी होता. लंडन विद्यापीठात पीएच.डी. करणारे हसमुख धीरजलाल सांकलिया. 1936 साली पदवी घेऊन ते परतले, 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पुढची काही दशकं महाराष्ट्राच्या नद्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरशः पायाखाली घातल्या. व्हीलर स्वतः 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले आणि तक्षशिलेला त्यांनी तरुणांसाठी प्रशिक्षण वर्ग घेतला, पण दख्खनमध्ये ही पद्धत रुजली ती मुख्यतः सांकलियांच्या हातून.

पद्धत म्हणजे काय, तर जागेचे चौकोन पाडायचे, दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेले मातीचे बांध ठेवायचे. खड्डा खाली जात राहतो, बांध उभा राहतो, आणि त्याच्या अंगावर सगळे थर एखाद्या कापलेल्या लेयर केकसारखे, किंवा आपल्याकडचं म्हणायचं तर खाजाच्या पापुद्र्यांसारखे दिसतात. बांध हा साक्षीदार. खणलेलं परत आणता येत नाही. बांधावरून निदान काय खणलं ते दुसऱ्याला तपासता येतं.

मेडन कॅसलचा आणखी एक धडा आहे, आणि तो व्हीलरना आवडला नसता. पूर्व दरवाजाजवळ त्यांना दफनं सापडली. काही सांगाड्यांवर घाव होते, एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेलं होतं. व्हीलरनी त्यावरून एक विलक्षण कथा उभी केली : रोमन सेनापती व्हेस्पेशियनने इ.स. 43च्या सुमारास किल्ल्यावर हल्ला केला, दरवाजा फोडला, कत्तल केली, आणि वाचलेल्यांनी रातोरात आपली माणसं पुरली. लोकांनी ती कथा डोक्यावर घेतली. तिथे 1985-86 मध्ये पुन्हा उत्खनन झालं आणि शंका वाढत गेल्या. अलीकडच्या कालमापनातून तर ते मृत्यू एका रात्रीचे नसून काही दशकांत विखुरलेले असल्याचं दिसतं. मणक्यातलं टोक खरंच आहे. सांगाडे खरे आहेत. रात्र खरी नव्हती. लोकांपुढे जाणाऱ्या संशोधकावर गोष्ट सांगायचा दाब असतो, आणि गोष्ट जितकी चांगली तितका तिच्यातला जोड दिसेनासा होतो. व्हीलरनी निदान सगळ्या नोंदी नीट छापल्या होत्या, म्हणून पन्नास वर्षांनी त्यांची गोष्ट तपासता तरी आली.

आता आपल्या प्रवरेकाठी येऊ. 1950-51 च्या हंगामात सांकलिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगातल्या एका संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. योगायोग असा की लोणीजवळच्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगामही तोच. एकाच खोऱ्यात एकीकडे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे पहिले शेतकरी दिसू लागत होते आणि दुसरीकडे उसासाठी जमिनी सपाट व्हायला सुरुवात होत होती.

1954 ते 1956 मध्ये नेवाशाचं काम झालं. नेवासं म्हटलं की ज्ञानेश्वरी. पण गावालगतच्या लाडमोड टेकाडात आणि प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत त्याआधीची माणसं होती. 1960 साली निघालेल्या अहवालाचं नावच ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’, म्हणजे इतिहासाकडून प्रागितिहासाकडे. नेहमीच्या पुस्तकांत आपण आदिमानवापासून सुरू करून आपल्यापर्यंत येतो. खणणारा उलटा जातो. वर मुसलमानी-मराठा काळ, बांगड्यांच्या काचा, झिलईची भांडी. त्याखाली सातवाहन, रोमशी व्यापाराच्या खुणा. त्याखाली जोर्वे संस्कृतीची नारिंगी-तांबडी, काळ्या रेघांची नक्षी असलेली भांडी, जी टिचकी मारली की खणखणतात. आणि नदीच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारं. माहितीकडून अज्ञाताकडे, हीच थर वाचण्याची रीत. लोकांसाठीच्या दिवशी टेबलांचा क्रम असाच का ठेवू नये? पहिल्या टेबलावर आजीच्या वेळचं चिनी मातीचं बशीचं टवकं. ते सगळेच ओळखतात.

थरात तारीख कशी येते, हे समजवायला चिलमीचा तुकडा फार उपयोगी. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. अकबराच्या पदरचा असद बेग विजापूरहून तंबाखू आणि तो ओढायचं साहित्य बादशहासाठी घेऊन गेला, ते 1604 च्या सुमाराचं. म्हणजे ज्या थरात तंबाखूची चिलीम आहे तो थर तंबाखूच्या आधी तयार झालेला असू शकत नाही. नंतरचा असू शकतो, शंभर वर्षं नंतरचाही, आधीचा नाही. एवढा तर्क दहा वर्षांची मुलगी बसल्या जागी करते, आणि मग नाण्याचंही तसंच असतं हे तिला सांगावं लागत नाही.

इथे हुशार श्रोता अडवतो : म्हणजे जेवढं खोल तेवढं जुनं? नाही, आणि हे सांगायला आपल्याकडे पेव आहे. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. समजा, सातवाहन काळातल्या एका कुटुंबाने अंगणात पुरुषभर खोल पेव खणलं. ते खालच्या हजार वर्षं जुन्या घराची जमीन फोडून गेलं. पुढे पेव मोडलं, त्यात केरकचरा पडला, एखादं नाणं पडलं. आज ते नाणं ताम्रपाषाण काळातल्या चुलीपेक्षा खोल मिळेल, पण चुलीहून हजार वर्षांनी लहान असेल. पेवाची कड ओळखता आली, आतली भुसभुशीत माती आणि बाहेरची घट्ट माती यांतला फरक खुरप्याला जाणवला, तर घोटाळा होत नाही. नाही ओळखता आली तर सातवाहनांचं नाणं जोर्वेकरांच्या खिशात जातं. उत्खननावर काम करणारे गावातले अनुभवी मजूर हा फरक पदवीधरांच्या आधी हाताने ओळखतात. अहवालात त्यांच्यासाठी आभाराची एक ओळ असते, तीही सामुदायिक.

दुसरी गोष्ट धुण्याची. खापरं धुवायला बसवणं हा अशा दिवसांतला लोकप्रिय भाग. मुलांना पाणी आवडतं, पालकांना मुलं गुंतलेली आवडतात. पण सगळंच धुवायचं नसतं, हे त्याच टबापाशी सांगायला हवं. नेवाशाच्या ताम्रपाषाण थरातल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत मूळ दोरा शिल्लक होता. तांबं गंजताना तयार झालेल्या क्षारांनी त्याच्या भोवतीचं कुजणं थोपवलं होतं. तपासणीत तो रेशमाचा निघाला, त्यात कापसाचे तंतूही होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी रेशीम! मणी कुणी चिंच लावून लखलखीत केले असते, जशी आपण देवाची भांडी करतो, तर मणी राहिले असते आणि दोरा गेला असता. हिरवट गंजाकडे पुरावा म्हणून बघायला शिकणं हे सगळ्या स्वच्छताप्रिय संस्कारांच्या विरुद्ध आहे, म्हणून ते दाखवावंच लागतं.

या सगळ्याचा कळस म्हणावं असं उत्खनन घोड नदीकाठी इनामगावला झालं. शिरूर तालुका, पुणे जिल्हा. 1968 ते 1983 या काळात म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली. एखादा उभा खड्डा घेऊन थर मोजण्यावर न थांबता इथे आडवी उघडीक केली गेली, म्हणजे अख्खी वस्तीच पांघरूण काढावं तशी उघडली. इ.स.पू. 1600 ते 700 या नऊशे वर्षांतली 130 हून अधिक घरं मिळाली. पाण्यात माती कालवून वर तरंगणारे जळके दाणे वेचले, त्यांतून जव, मसूर, कुळीथ, वाटाणा दिसले. शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, शिकार वाढते. हे सगळं नुसत्या वस्तूंनी कळलं नसतं. कोणता दाणा कोणत्या घरातल्या कोणत्या जमिनीवरचा, हे ठाऊक होतं म्हणून कळलं.

लोकांना इनामगावात सर्वांत जास्त खिळवून ठेवतात ती दफनं. लहान मुलं दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, घराच्याच जमिनीखाली पुरलेली. प्रौढ माणसं खड्ड्यात उताणी, आणि घोट्याखाली पावलं नाहीत. हा फलक लावला की मंडपात शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘भूत होऊन परत येऊ नये म्हणून.’ संशोधकांनीही तसंच सुचवलं आहे. पण नेमक्या इथेच थांबून तीन रकाने करायला हवेत. पावलांची हाडं नाहीत, हे दिसतं. पावलं तोडली होती, हे दफनांतल्या पुनरावृत्तीवरून काढलेलं अनुमान, आणि ते भक्कम आहे. का तोडली, हा अंदाज. तो पटण्यासारखा आहे, कारण आपल्या मनातही तशी भीती राहते. आणि नेमक्या त्याच कारणासाठी त्याच्याकडे जरा संशयाने बघावं. त्याच गावात पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात एक चार पायांचा मोठा रांजण निघाला, माणसाच्या पोटासारखा फुगीर. त्यात एक पुरुष बसवलेला होता, आणि त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असं उत्खननकर्त्यांचं मत. लोकांपुढे हे तीन रकाने ठेवले तर ते रमतात, वाद घालतात. त्यांना तयार उत्तरच हवं असतं, हा समज आयोजकांचा आहे.

इनामगावच्या घरांत मातीने सारवलेले गोल ओटे मिळाले, कुठे जमिनीत चार सपाट दगड. कशासाठी? आजही खेड्यात कणगी ओट्यावर ठेवतात, रांजण दगडांवर. उत्तर ग्रंथालयात नव्हतं, शेजारच्या गावात होतं. ढवळीकरांच्या लेखनात अशी उदाहरणं भरपूर. ‘महाराष्ट्राची कुळकथा’ वाचताना हे जाणवत राहतं की या माणसाने खड्ड्यात जितकं पाहिलं तितकंच खड्ड्याबाहेरच्या अंगणांत पाहिलं. म्हणजे पुरातत्त्वाची पद्धत लोकांना ‘शिकवायची’ म्हणताना हे विसरू नये की तिचा एक मोठा भाग लोकांकडूनच उसना घेतलेला आहे. सारवण किती दिवसांनी करतात, एका वर्षात जमिनीची जाडी किती वाढते, चुलीखालची माती कशी लाल होते, हे प्राध्यापकापेक्षा मंडपात मागे उभ्या असलेल्या बाईला अधिक नेमकं ठाऊक असतं. तिला माइक देणारा कार्यक्रम मी अजून पाहिलेला नाही.

थर हरवला की काय हरवतं, त्याचं सर्वांत महाग उदाहरणही प्रवरेकाठचंच. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये एका स्थानिक माणसाला झाडाचं खोड उकरताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा सारथी, शिवाय हत्ती, गेंडा, रेडा. भरीव, वजनदार, भारतीय शिल्पात दुसरा जोड नाही अशा. त्यानंतर एस. ए. साळी यांनी तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं, पाच सांस्कृतिक टप्पे लावले, त्यांत एक उत्तर-हडप्पा काळाचा. मूर्ती त्या टप्प्यातल्या, म्हणजे इ.स.पू. 2000 च्या आसपासच्या असाव्यात असं अनेकांचं मत आहे. पण त्या थरातून रीतसर निघालेल्या नाहीत. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काही अभ्यासकांनी त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतात अशी शंका घेतली. पन्नास वर्षांत वाद मिटलेला नाही. खोड उकरणाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. पण वस्तू निघाल्या त्या खड्ड्याची कड, मातीचा रंग, सोबतचं एखादं खापर एवढं जरी कुणी त्या दिवशी जागेवर ठेवलं असतं, तर हडप्पा संस्कृतीचा दख्खनमधला अध्याय आज वेगळ्या खात्रीने लिहिता आला असता.

उलट बाजूला धाराशिव जिल्ह्यातलं तेर. प्राचीन तगर. इथे रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. पावसानंतर पांढरीवर मणी, मृण्मूर्ती, नाणी उघडी पडायची. गावकरी त्यांच्याकडे आणून द्यायचे. त्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्री आहे, पाँपेईच्या राखेत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देणारी. लामतुरे नसते तर हे सगळं मुंबईच्या दलालांमार्फत परदेशी गेलं असतं. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरला उभं आहे. बहुतेक वस्तूंना थर नाही हे खरं. पण गाव आहे, आणि त्या काळात ती कमाई लहान नव्हती. सामान्य माणूस पुरातत्त्वात काय करू शकतो याचं मराठीतलं हे सर्वांत मोठं उत्तर आहे, आणि ते कुठल्याही मंडपातल्या फलकावर मला दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? सापडलेल्या धनासाठीचा आपला कायदा 1878 चा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवायची. सरकारला ती घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. धातूची किंमत! दायमाबादचा रथ आणि तेवढ्या वजनाची घंटा या हिशोबात सारखीच. खापराला तर मोलच नाही, म्हणून ते कायद्याला दिसत नाही. ज्याला काही सापडतं त्याचा पहिला विचार ‘पोलीस येतील, जमीन अडकेल’ हाच असतो, आणि तो चूक म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये 1997 पासून एक योजना आहे : ज्यांना शेतात वस्तू सापडतात त्यांनी आपल्या भागात नेमलेल्या अधिकाऱ्याला दाखवायच्या, तो जागेसकट नोंद करतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या आहेत. तिथल्या मेटल डिटेक्टरवाल्यांनी केलेली नासधूसही मोठी आहे, तेव्हा ती योजना उचलून इथे आणा असं मी म्हणणार नाही. पण नोंद करायला येणारा माणूस आणि जप्त करायला येणारा माणूस वेगळा असतो, एवढं गावाला दिसायला हवं.

म्हणून हा दिवस शहरातल्या मंडपात ठेवायचा तर ठेवा, पण एकदा तरी तो पांढरीवर व्हावा. जवळजवळ प्रत्येक पांढरीला कुठे ना कुठे जेसीबीने, रस्त्याने किंवा नदीने कापलेली उभी कड असते. तिथे नवीन काही खणायचं नाही. खणायला परवाना लागतो. उघडी पडलेली कड बघायला लागत नाही. कडेपाशी उभं राहून राखेचा पट्टा, सारवणाच्या एकावर एक पातळ रेघा, पेवाचा पोटफुगा आकार दाखवायचा, आणि काय काय ओळखू येतं ते आधी गावाला विचारायचं. खापर उचललं तर बघून परत त्याच जागी ठेवायचं. ज्याच्या शेतात पांढरीची माती जाते त्याला नावं न ठेवता फॉस्फेटची गोष्ट सांगायची, आणि कुठला भाग आधीच उकरलेला आहे, कुठला शाबूत आहे, हे त्यालाच विचारून नकाशावर लिहून घ्यायचं.

कार्यक्रम सकाळी आठलाच सुरू करावा. ऊन तिरपं असतं तेव्हा थर उठून दिसतात. बारानंतर सगळी कड एकसारखी पांढरी होते. भाषणं संध्याकाळी.